शब्दावरची तारीख

गेल्या शनिवारी दुपारी नातीचा फोन आला. "आजी, आज जेवायला थांबू नकोस, आम्ही सगळे मिलमध्ये जेवणार आहोत," एवढे सांगून तिने फोन ठेवला. वाक्य साधे होते आणि तिच्या पिढीतील कोणालाही त्यात काही खटकले नसते; मी मात्र मेथीची निवडलेली जुडी हातात धरून बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, लोअर परळच्या एका कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणणाऱ्या मागावर, कामाला होते. तेही मिलमध्ये जेवत. त्यांचा डबा विसरला की मी आणि माझा धाकटा भाऊ तो घेऊन फाटकापर्यंत धावत जात असू, आणि आप्पा बाहेर येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे बारीक तंतू बसलेले असत. आमच्या घरात 'मिल' म्हणजे पहाटेचा भोंगा, रातपाळीनंतर दिवसा झोपलेला बाप आणि त्याच्यासाठी दबक्या आवाजात बोलणारी चाळ. नात ज्या आवारात जेवायला गेली ते आवार तसेच एका गिरणीचे आहे. चिमणी अजून उभी आहे आणि नावातही मिल आहे.

इंग्रजी शिकवण्यात माझी चौतीस वर्षे गेली, त्यामुळे मन अस्वस्थ झाले की मी शब्दाच्या मागे जाते. लॅटिनमध्ये 'मोला' म्हणजे जाते. त्याच कुळातील 'मिल' हा शब्द इंग्रजीत कित्येक शतके धान्य दळण्याच्या जागेसाठी वापरला जाई. ओढ्याच्या पाण्यावर मोठे चाक फिरायचे आणि त्या चाकाच्या जोरावर आतले जाते. १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइटने इंग्लंडमधील क्रॉमफर्ड येथे सूत कातण्याची यंत्रे अशाच पाणचाकावर चालवण्याचा उद्योग आरंभला. बाहेरून दिसणारे चाक ओळखीचे होते, म्हणून लोकांनी त्या इमारतीलाही मिलच म्हटले. पुढे पाण्याची जागा वाफेने घेतली, चाक दिसेनासे झाले, तरी नाव टिकले. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या कापडगिरणीसाठी कंपनी स्थापन केली तेव्हा हा शब्द अशा रीतीने एकदा अर्थ बदलून, यंत्रांबरोबर बोटीतून आपल्याकडे उतरला. मराठीनेही तेच केले. आजही आमच्या गल्लीत कोणी "गिरणीतून जाऊन येते" म्हणाली की पिठाचा डबा डोळ्यांसमोर येतो आणि 'गिरणी कामगार' म्हटले की कापड. आप्पांच्या मिलमध्ये काही दळले जात नव्हते आणि नातीच्या मिलमध्ये काही कातले जात नाही.

मुंबईतील मिलच्या जागी जे आले त्या 'मॉल'चीही कथा याच जातीची आहे. इटालियन भाषेत 'पाल्ला' म्हणजे चेंडू आणि 'माल्यो' म्हणजे लाकडी मोगरी. मोगरीने चेंडू टोलवण्याचा हा खेळ सतराव्या शतकात लंडनच्या दरबारी मंडळींना फार प्रिय होता. सेंट जेम्स पार्कात त्यासाठी झाडांच्या रांगांमधून एक लांब वाट आखली होती आणि ती मॉल म्हणून ओळखली जाई. खेळ मागे पडला, वाट फेरफटक्यासाठी उरली आणि 'मॉल' म्हणजे हौसेने पायी हिंडण्याची जागा झाली. सिमल्याचा मॉल रोड त्या अर्थाने मॉल आहे. विसाव्या शतकात, गाड्यांचा त्रास न होता पायी फिरत खरेदी करता येईल अशा बाजाराला हा शब्द लावला गेला. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. आप्पा त्यांतले एक होते आणि ते पुन्हा कधी साच्यावर गेले नाहीत. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी नव्या बांधकामांना मोकळ्या झाल्या. जात्याची जागा आणि चेंडू टोलवण्याची वाट असे दोन शब्द इतके लांब चालून अखेर लोअर परळच्या एका आवारात शेजारी येऊन बसले.

हे सारे ठाऊक असूनही 'मिलमध्ये जेवणे' माझ्या घशाखाली उतरत नव्हते. त्यामागे आणखी एक गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी मी एका इंग्रजी शब्दाचा अर्थ चुकवला होता आणि ती चूक एका घराण्याच्या आठवणीत जाऊन बसली होती.

गिरगावात मूळ असलेल्या एका कुटुंबाकडे त्यांच्या पूर्वजाने १८६५ मध्ये पुण्याच्या मित्राला लिहिलेल्या इंग्रजी पत्राची नक्कल आहे. तिचे मराठी करून देण्याचे काम त्यांनी मला सांगितले. तो काळ मुंबईच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथून मिळणारा कापूस बंद झाला, आपल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि मुंबईत आलेला पैसा नाना कंपन्यांच्या शेअरांत धावू लागला. समुद्रात भराव घालून जमीन करायला निघालेली बॅकबे रेक्लमेशन कंपनी ही त्यांत सर्वांत गाजलेली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्या शेअरांची रद्दी झाली. पत्र लिहिणारे गृहस्थ एका सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि घरातील सोने मोडून त्यांनी शेअर घेतले होते. सर्वस्व गेल्यावर एके संध्याकाळी त्यांचा इंग्रज साहेब गिरगावातील घरी आला, ओटीवर बसला, मुलांची चौकशी करून गेला. या भेटीचे वर्णन करताना त्यांनी साहेबाच्या 'कॉन्डिसेन्शन'चा उल्लेख केला आहे.

आजच्या इंग्रजीत कॉन्डिसेन्शन म्हणजे समोरच्याला कमी लेखून, आपण त्याच्यासाठी खाली उतरत आहोत हे जाणवून देत बोलणे. मी वर्गात हाच अर्थ शिकवला होता. त्यामुळे 'उपकाराचा आव आणत साहेब आमच्या ओटीवर बसले' असे मराठी मी जराही न अडखळता लिहिले. एवढ्यावर मी थांबले नाही. भाषांतराला जोडलेल्या छोट्या प्रस्तावनेत, १८६५ इतक्या जुन्या काळी एका साध्या नोकरदाराला साहेबी अहंकार कसा डाचत होता यावर दोन परिच्छेद लिहिले. कुटुंबाच्या कुलसंमेलनात ते वाचून दाखवण्यात आले, टाळ्या झाल्या, आणि तरुण मंडळींना आपला पूर्वज स्वाभिमानी होता याचा मनापासून आनंद झाला.

काही महिन्यांनी त्याच कुटुंबातील एका वयोवृद्ध, निवृत्त वकिलांचा फोन आला. त्यांचा स्वर अतिशय नम्र होता. "बाई, एक शंका आहे," ते म्हणाले, "साहेबाने जर त्यांचा अपमान केला होता, तर पुढच्याच ओळीत ते देवाचे आभार कशासाठी मानतात?"

ती ओळ मी वाचली होती, तिचे भाषांतरही केले होते. तिच्याकडे पाहिले मात्र नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी फोर्टमधील एका ग्रंथालयात जाऊन मोठा ऑक्सफर्ड कोश उघडला. जाताना लोकलमध्ये "पुढील स्थानक चर्चगेट" ऐकले आणि जाणवले की मी ज्या भागात चालले आहे त्याला जुनी माणसे कोट म्हणतात, कागदोपत्री तो फोर्ट आहे, पण तट कोठेच नाही. तो १८६० च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना पाडला गेला, म्हणजे हे पत्र लिहिले जात होते त्याच सुमाराला. सेंट थॉमस चर्चकडे जाणारे तटाचे दार तेव्हाच गेले आणि त्याचे नाव पुढे स्टेशनला राहिले. आज चर्चगेटला उतरणाऱ्या लाखो माणसांपैकी कोणी दाराची चौकशी करत नाही आणि त्यांचे काही अडतही नाही.

ऑक्सफर्ड कोशाची गोष्ट थोडी सांगितली पाहिजे, कारण माझ्या चुकीवरचा उपाय त्याच्या मांडणीतच आहे. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने इंग्रजीच्या नव्या कोशाची कल्पना पुढे आणली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली तेही हेच वर्ष, आणि हा योगायोग मला फार आवडतो. पुढे जेम्स मरे यांनी संपादन हाती घेतले, शेकडो वाचकांनी जुनी पुस्तके वाचून शब्द आणि वाक्ये कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली, पहिला भाग १८८४ मध्ये छापला गेला आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडले. या कोशात शब्दाचे अर्थ सर्वांत जुन्यापासून क्रमाने लावलेले असतात आणि प्रत्येक अर्थाखाली त्या अर्थाने लिहिलेली वाक्ये त्यांच्या सालासह दिलेली असतात. शब्दाचा अर्थ काय, या प्रश्नाला हा कोश उलट विचारतो की कोणत्या सालातला.

कॉन्डिसेन्शन हा शब्द अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्याही बऱ्याच भागात स्तुतीचा होता. वरच्या दर्जाच्या माणसाने आपला दर्जा बाजूला ठेवून खालच्याशी आपुलकीने वागणे, असा त्याचा अर्थ. शब्दाची फोड दोन्ही काळांत एकच आहे, खाली उतरणे. माणसे पायरीपायरीवर उभी आहेत हे ज्या समाजात सर्वांना मान्य होते, तेथे वरच्याने खाली येणे हा त्याचा मोठेपणा ठरत असे. अशा पायऱ्या असूच नयेत असे पुढे लोकांना वाटू लागले आणि तीच कृती अपमानाची झाली, कारण खाली उतरणारा माणूस पायरी आहे हे गृहीत धरतो. शब्द जागच्या जागी राहिला आणि त्याच्या भोवतीची माणसे हलली. आपल्या भाषेतही याचे प्रत्यंतर आहे. "गरिबाच्या घरी पायधूळ झाडावी" असे माझी आजी पाहुण्यांना अगदी हात जोडून म्हणत असे. आज कोणी "या, झाडा पायधूळ" म्हणाले तर ती थट्टा तरी असते नाहीतर टोमणा.

चूक कळल्यावर मला माझ्या वर्गातील अनेक प्रसंग आठवले आणि त्यांपैकी एक अजून मनातून जात नाही. सातवीतील एका शाकाहारी घरच्या मुलाने विचारले होते, "बाई, मिठाईच्या दुकानावर स्वीटमीट मार्ट का लिहितात? मिठाईत मीट असते का?" वर्ग हसला. मी "तसेच म्हणतात, पाठ कर" असे सांगून पुढे गेले. त्या मुलाने किती चांगल्या जागी बोट ठेवले होते! जुन्या इंग्रजीत 'मीट' म्हणजे कोणतेही अन्न. पुढे तो शब्द मांसापुरता आखडला, पण जुना अर्थ काही कोपऱ्यांत राहून गेला, आणि त्यांतला एक कोपरा म्हणजे मुंबईतील मिठाईच्या दुकानाची पाटी. नारळातल्या खोबऱ्यालाही इंग्रजीत मीट म्हणतात, ते याच जुन्या ओढीने. आज मी त्या मुलाला फळ्याजवळ बोलावून त्याच्याकडूनच हे वर्गाला सांगवले असते.

'डिअर' या शब्दाचेही असेच झाले आणि येथे तर इंग्रजी आणि संस्कृत हातात हात घालून चालतात. जुन्या इंग्रजीत हा शब्द कोणत्याही जनावराचा होता. जर्मन भाषेतील त्याचा भाऊ 'टीअर' आजही सर्व प्राण्यांना लागू आहे. इंग्रजीत मात्र फ्रेंचमधून 'बीस्ट' आला, लॅटिनमधून 'अ‍ॅनिमल' आला, आणि शिकाऱ्याला ज्या जनावराची ओढ सर्वांत अधिक, त्या हरणापुरता जुना शब्द उरला. आता आपला 'मृग' घ्यावा. संस्कृतात मृग म्हणजे रानातील पशू. म्हणून सिंह हा मृगेंद्र, माकड हे शाखामृग आणि शिकार ही मृगया. मराठीत आपण मृग म्हणतो तेव्हा हरीण दिसते किंवा जूनमधील पहिला पाऊस. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच शब्दाला त्याच वाटेने नेले, हे प्रथम लक्षात आले त्या दिवशी मला जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही. 'सिली' हा शब्दही पाहावा. त्याचे मूळ रूप 'धन्य' या अर्थाचे. पुढे निष्पाप, मग बापुडवाणा, मग मूर्ख. देवाला भोळा म्हणणारे आपण माणसाला भोळा म्हणताना जो स्वर लावतो, तो ऐकला की ही उतरण परकी वाटत नाही.

साठी उलटल्यावर मी पहिला पासपोर्ट काढला आणि त्याच्या आतल्या पानावरचा इंग्रजी मजकूर सवयीने वाचला. राष्ट्रपतींच्या नावाने तेथे अशी विनंती केलेली असते की या व्यक्तीला 'लेट' आणि अडथळा यांवाचून जाऊ द्यावे. 'लेट' म्हणजे तर जाऊ देणे, मग त्यावाचून जाऊ द्यावे म्हणजे काय? खरे पाहता जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती, एकाचा अर्थ अडवणे आणि दुसऱ्याचा सोडणे. उच्चार झिजत झिजत दोन्ही एकसारखी झाली. परस्परविरुद्ध अर्थाचे दोन शब्द एका रूपात नांदणे भाषेला परवडत नाही, म्हणून अडवणारा शब्द बोलण्यातून गेला. तो टेनिसच्या मैदानावर राहिला, जेथे सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडे पडला की 'लेट' पुकारतात. आणि तो राहिला कायद्याच्या भाषेत, जी जुने काही टाकायला सहसा धजत नाही.

त्या पत्रातील 'रेक्लमेशन' हा शब्दही मग मी पाहिला, कारण एकदा ठेच लागल्यावर मला एकाही शब्दाचा भरवसा वाटेना. शब्दाचा चेहरा पाहून वाटते की आपले काही गेले होते आणि ते आपण परत घेत आहोत. बॅकबेचा समुद्र आपला कधी होता? पण या शब्दाचा प्रवास निराळा आहे. ससाणा उडवून शिकार करणारे लोक त्याला हाक मारून मनगटावर परत बोलावत, त्या बोलावण्याला 'रिक्लेम' म्हणत. त्यावरून माणसाळवणे, मग वाट चुकलेल्या माणसाला ताळ्यावर आणणे, आणि पुढे ओसाड किंवा पाणथळ जमीन लागवडीला आणणे असे अर्थ आले. समुद्र बुजवणे त्यानंतरचे. ज्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या लागत तेथे भर घालताना इंग्रजी शब्द अशा रीतीने एका रानपाखराला ताब्यात आणण्याची आठवण घेऊन आला. आपला 'भराव' हा शब्द मला अधिक सरळ वाटतो, तो घडले तेवढेच सांगतो. आणि आजची मुले "रेक्लमेशनला भेटू" म्हणतात तेव्हा त्यात ना ससाणा असतो ना समुद्र, असतो तो वांद्र्याचा एक रस्ता.

एका शब्दाचे दोन अर्थ एकाच घरात, एकाच वेळी कसे राहतात हे मी 'सोसायटी'मुळे लहानपणीच पाहिले होते, फक्त मला ते कळले नव्हते. सातारकडचे माझे काका "यंदा सोसायटीचं फेडायचं आहे" असे म्हणत, तेव्हा त्यांच्या मनात गावच्या सहकारी संस्थेचे पीककर्ज असे. आप्पांचे एक मित्र चाळ सोडून मुलुंडला गेले आणि "आमची सोसायटी चांगली आहे" असे सांगू लागले, तेव्हा तो शब्द चार मजली इमारतीचा होता. लॅटिनमध्ये या शब्दाच्या मुळाशी सोबती आहे. कर्जाची सोबत आणि जिन्याची सोबत, दोन्ही त्यात मावली, आणि यांपैकी एकाही अर्थासाठी आम्ही इंग्रजांची परवानगी घेतली नाही.

त्यानंतर मी त्या पत्राचे भाषांतर पुन्हा हाती घेतले. साहेबांनी 'पायधूळ झाडली' असे आधी लिहिले, कारण १८६५ मध्ये त्या गृहस्थांनी मराठीत लिहिले असते तर बहुधा हेच शब्द वापरले असते. पण आजच्या वाचकाला त्यात टोमणा ऐकू येणार आणि माझी जुनी चूक नव्या वाटेने परत येणार, म्हणून ते खोडले. 'कृपावंत होऊन' लिहिले, तेही खोडले, त्यात देव अधिक होता आणि माणूस कमी. शेवटी 'आपले मोठेपण उंबऱ्याबाहेर ठेवून साहेब आमच्या ओटीवर येऊन बसले' असे लिहिले. प्रस्तावनेतील ते दोन परिच्छेद काढले आणि ते का काढले हे त्याच जागी स्पष्ट लिहिले. तरुण मंडळींचा स्वाभिमानी पूर्वज मी हिरावून घेतला याचे वाईट वाटले. मात्र सोने मोडून बसलेला, शेजारी कोणी येऊन बसले म्हणून गहिवरलेला खरा माणूस त्यांना मिळाला, असे त्या घरच्या थोरल्या सूनबाईंनी मला सांगितले.

नवी पाने द्यायला गेले तेव्हा जुनी परत मागून फाडून टाकावीत असे माझ्या मनात होते. सूनबाईंनी ती दिली नाहीत. "राहू द्या, बाई, तुम्ही तेव्हा तसे वाचले होते ना," असे म्हणून त्यांनी दोन्ही भाषांतरे पत्राच्या नकलेसोबत एकाच फाइलमध्ये लावली. मी त्यांच्याकडून पेन घेतले आणि दोन्हींच्या पहिल्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, ज्या त्या वेळची तारीख घातली.